डबीतल्या दोन पट्ट्या

आमच्या टेबलाच्या खणात पत्र्याची एक जुनी डबी आहे. एके काळी तीत पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. आता धातूच्या दोन पट्ट्या आहेत. त्यांतली एक वीतभर लांब, जाड आणि आरशासारखी चकचकीत. ती पोलादाची असून सुमारे दीड वर्ष आमच्या स्वतःच्या उजव्या नडगीच्या हाडावर बसलेली होती. दुसरी जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी, पातळ आणि सोनेरी रंगाची. ती टायटॅनियमची असून आमच्या भाच्याच्या हातातून निघाली आहे. पहिली पट्टी अंगातून काढायला किती वेळ लागला, असे आम्ही त्या वेळी शल्यविशारदांना विचारले होते. ‘टाके घालायला जेवढा लागला त्याहून कमी,’ असे त्यांनी हसत सांगितले. दुसरीने मात्र काढणाऱ्याला घाम फोडला. ह्या दोन पट्ट्यांत असे अंतर का पडावे, ह्याचा शोध घेण्यात आमचे निवृत्तीचे एक आख्खे वर्ष गेले. शाळेत तीसपस्तीस वर्षे विज्ञान शिकवूनही आपल्याच नडगीवरच्या धातूविषयी आपल्याला काही ठाऊक नव्हते, ह्याची थोडी लाजही वाटली.

आधी आमची हकीकत सांगतो. गोष्ट डिसेंबर १९८१ची. राज्यात त्या काळी एकाधिकार कापूस खरेदी योजना चालू होती आणि हंगामात खरेदी केंद्रांबाहेर कापसाने भरलेल्या बंड्यांच्या रांगा दोन-दोन दिवस जागच्या हलत नसत. आम्ही नुकतेच शिक्षक म्हणून लागलो होतो. चार दिवसांची रजा काढून वडिलांच्या सोबतीला बंडीपाशी मुक्काम टाकला होता. पहाटे कुणाची तरी ट्रॅक्टर-ट्रॉली आवाज करीत गेली, बैल बुजले, बंडी मागे आली आणि चाक आमच्या पायावरून गेले. यवतमाळला त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते १९८९ साली झाले. आम्हांला नागपूरला नेण्यात आले. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. त्यावर पोलादी पट्टी बसवून ती स्क्रूंनी आवळली आणि वरून प्लास्टर घातले. तीन महिने आम्ही पाय हलवला नाही. ‘जेवढे स्वस्थ पडाल तेवढे लवकर जुळेल’ हा त्या वेळचा उपदेश आम्ही इतक्या निष्ठेने पाळला की, पुढे गुडघा वाकवायला तेवढेच महिने लागले. हा उपदेश मनात पक्का बसला. त्याचे फळ चाळीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला भोगावे लागेल, हे त्या वेळी कोठे माहीत होते!

१९८३च्या उन्हाळ्यात पट्टी काढली. तलवार म्यानातून निघावी तशी ती निघाली, असे डॉक्टरांनी सांगितले. मग दोन दिवस जखमेतून पातळ पिवळसर पाणी येत राहिले. आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, ‘घाबरू नका मास्तर. ह्या गुळगुळीत पोलादाशी शरीर मैत्री करत नाही आणि भांडणही करत नाही. त्याच्याभोवती एक पिशवी विणते, पिशवीत थोडे पाणी भरते आणि त्याला आत ठेवून देते. ते पाणी आता बाहेर येत आहे.’ आम्ही मान डोलावली. त्या एका वाक्यात केवढे शास्त्र दडलेले होते, हे कळायला आम्हांला भाच्याच्या हाताची वाट पाहावी लागली.

मोडलेल्या हाडाला धातूची पट्टी जोडण्याची कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडात विल्यम आर्बथनॉट लेन हे शल्यविशारद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे काम करू लागले. पण त्या काळचे पोलाद शरीराच्या खारट ओलाव्यात गंजे आणि पुष्कळदा तुटे. कापसाच्या मोसमात विळा रात्रभर दवात राहिला तर सकाळी त्याची काय दशा होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. शरीरात तर रात्रंदिवस दवच असते. पुढे क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम मिसळलेले न गंजणारे पोलाद आले. १९५८ साली स्वित्झर्लंडमधील काही शल्यविशारदांनी बील ह्या गावी एक मंडळ स्थापन केले. मोडलेले हाड घट्ट आवळावे आणि सांधे लगेच हलवू लागावे, असा त्यांचा आग्रह होता. बील हे घड्याळ्यांचे गाव. ह्या मंडळाच्या पट्ट्यांसाठी धातूची परीक्षा करणारी स्ट्राउमान ह्यांची संस्थाही घड्याळांच्या मिश्रधातूंच्या संशोधनातूनच वर आली होती. चाके-स्प्रिंगा घासून-पुसून गुळगुळीत करण्याची त्या मुलुखाची पिढीजात विद्या अशा रीतीने माणसाच्या हाडांपर्यंत पोचली.

पोलाद चकचकीत करण्याची रीत मोठी गमतीची आहे. पट्टी फॉस्फोरिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवतात आणि तीतून विजेचा प्रवाह सोडतात. मुलामा चढवताना धातू येऊन बसतो. येथे उलटा कारभार, धातू विरघळून जातो. त्यातही पृष्ठभागावरचे उंचवटे आधी विरघळतात आणि खळगे मागे राहतात, त्यामुळे सगळे एका पातळीवर येते. आमची पट्टी चाळीस वर्षांनंतरही लखलखते ती ह्यामुळे. तीत तोंड पाहून भांग पाडता येईल, असे आमच्या नातीचे मत आहे.

आता भाच्याकडे वळू. आमची धाकटी बहीण वणी तालुक्यात दिली आहे. तिचा थोरला मुलगा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहे आणि रविवारी मिस्साला हार्मोनियम वाजवतो. त्याला संगीताचे शिक्षण असे नाही, पण ऐकलेली चाल तो दुसऱ्या खेपेस वाजवून दाखवतो. आमच्या घराण्यात ही देणगी कोठून आली, हे देवच जाणे. नोव्हेंबर २०२१ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, पट्टा आणि पुली ह्यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मागची, तळहातातली दोन हाडे मोडली. नागपूरला त्यांवर दोन छोट्या सोनेरी पट्ट्या बसवल्या. त्यांतली एक आज आमच्या डबीत आहे. दुसरी त्याने स्वतःपाशी ठेवली आहे.

पट्टी कोणती घालायची, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा निर्णय आम्हीच दिला. पोलादाची स्वस्त, टायटॅनियमची महाग. ‘महाग ती घाला,’ आम्ही म्हणालो. पैसे आम्हीच देणार होतो, त्यामुळे बोलण्यात जरा रुबाबही होता. वास्तविक टायटॅनियमची निवड काही चुकीची नव्हती. तो हलका धातू आहे. पोलादाच्या मानाने निम्माच ताठ असल्यामुळे हाडाचा भार तो सगळा स्वतःवर ओढून घेत नाही. त्यात निकेल नसते, म्हणून निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना तो चालतो. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर धरतो आणि मग त्याला काही गंज चढत नाही. त्याचा सोनेरी रंगदेखील रंग नव्हेच. विजेच्या साहाय्याने हा ऑक्साइडचा थर थोडा जाड करतात आणि पावसाच्या पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जसे रंग दिसतात तसा त्यात प्रकाशाच्या खेळाने रंग दिसतो. थराची जाडी बदलली की सोनेरीचा जांभळा होतो, निळा होतो. बहिणीच्या सासूबाईंनी मात्र क्ष-किरणाच्या चित्राबरोबर तसल्या पट्टीचा नमुना पाहिला तेव्हा भाबडेपणाने विचारले, ‘बापा, एवढं सोनं पोराच्या हातात ठेवून देतात, चोरी नाही होणार का?’

शस्त्रक्रिया उत्तम झाली. हाडे नीट जुळली. डॉक्टरांनी निघताना बजावले होते की तिसऱ्या दिवसापासून बोटे हलवायची, दुखले तरी हलवायची. पोर दुखण्याने कळवळत होते. आम्ही त्याच्या उशाशी बसलो होतो. चाळीस वर्षांपूर्वीचा उपदेश आमच्या तोंडून आपोआप बाहेर पडला. ‘डॉक्टर लोक घाई करतात,’ आम्ही म्हणालो, ‘हाड जुळू दे आधी. महिनाभर हात हलवू नकोस.’ मामा शिकलेला, मामाने पैसे भरलेले, मामाची स्वतःची तंगडी मोडून जुळलेली. मुलाने मामाचे ऐकले. मधल्या काळात तपासणीची एक तारीखही चुकली, कारण गाडी आम्ही करून देणार होतो आणि आम्हांला ताप आला.

फेब्रुवारीत तो घरी आला तेव्हा हात पुढे करून म्हणाला, ‘मामाजी, मूठच वळून नाही राह्यली.’

‘काऊन? दुखते का?’

‘दुखत नाही. आतून कोनं धरून ठेवल्यासारखं वाटते.’

मधले बोट आणि अनामिका अर्ध्यावर येऊन थांबत. बोटांची टोके आणि तळहात ह्यांमध्ये चांगले साडेचार सेंटीमीटर अंतर राही. पान्हा धरता येईना, हार्मोनियमवर बोट पडे पण वेळेवर उठेना. जिनिंगवाल्यांनी त्याला गेटवर हजेरी लिहायला बसवले. बहीण स्वभावाने शांत आहे; पण त्या दिवशी चहाचा कप आमच्यापुढे ठेवताना ती म्हणाली, ‘दादा, तूच सांगतलं ना त्याले, हात हालवू नको म्हून.’ आणि आत गेली. ह्या वाक्याला उत्तर नव्हते.

आम्ही त्याला घेऊन नागपूरला गेलो. तेथील हाताच्या डॉक्टरीणबाईंनी जे समजावून सांगितले ते असे. तळहाताच्या पाठीमागे कातडीखाली मांस जवळजवळ नसते. कातडी, तिच्याखाली बोटे सरळ करणाऱ्या दोऱ्या म्हणजे स्नायुबंध, आणि त्यांच्या लगेच खाली हाड. बोट वाकवताना ही दोरी पुढे सरकली पाहिजे आणि सरळ करताना मागे. हाडावर पट्टी बसवली की दोरी आता पट्टीवरून सरकणार. जखम भरून येताना शरीर जे नवे तंतू विणते ते दोरीलाही धरतात आणि पट्टीलाही. दोरी पट्टीला चिकटली म्हणजे ती पुढे जाणार नाही आणि मूठ वळणार नाही. आम्ही विचारले, ‘मग महागडी पट्टी वाईट निघाली म्हणायची?’ बाई म्हणाल्या, ‘पट्टी वाईट नाही. टायटॅनियमला शरीर जवळ घेते. हाच त्याचा गुण आहे आणि दोरीखाली ठेवले तर हाच दोष.’ मग त्यांनी बोटे केव्हापासून हलवली ते विचारले. भाचा काही बोलला नाही. आम्ही सांगितले.

परतीच्या वाटेवर त्याने आम्हांला जिनिंगवर नेले, आपला पगार घ्यायला. तेथे उभ्या-उभ्या आम्हांला जो धडा मिळाला तो पुस्तकात मिळाला नसता. आपल्याकडे सरकी काढायला डबल रोलर यंत्रे असतात. मॅकार्थी नावाच्या अमेरिकनाने १८४० साली ज्या जातीच्या यंत्राचे पेटंट घेतले त्या जातीचीच. त्यांत चामड्याच्या चकत्यांचे रूळ फिरतात आणि त्यांना लागून पोलादाचे गुळगुळीत पाते असते. रुळाच्या खरबरीत अंगाला रुई चिकटून आत ओढली जाते. सरकी पात्यावर अडून खाली पडते. भाच्याने डाव्या हाताने बंद यंत्राचा रूळ दाखवला आणि म्हणाला, ‘हा गुळगुळीत झाला का रुई धरत नाही मामाजी, मंग याले पुन्हा खाचे पाडा लागतात.’ एकाच यंत्रात चिकटण्यासाठी खरबरीत अंग आणि न चिकटण्यासाठी गुळगुळीत अंग! गिलावा धरावा म्हणून गवंडी गुळगुळीत काँक्रीटला छिन्नीने टाचे मारतो, वाटण नीट व्हावे म्हणून पाट्याला टाकी लावून घेतात. आणि भाकरीचा तवा मात्र आपण वापरून-वापरून गुळगुळीत करतो. आमच्या घरात जे ज्ञान होते त्याच्यापलीकडे बाईंनी फारसे काही सांगितले नव्हते.

टायटॅनियमच्या ह्या ‘जवळ घेण्या’चा शोध लागला तोही असाच अवचित. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडात रक्ताभिसरण कसे चालते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक बारीक नळी बसवली होती, तीतून सूक्ष्मदर्शकाने आत डोकावता येई. १९५२ साली प्रयोग संपल्यावर त्यांनी ती महागडी नळी पुन्हा वापरावी म्हणून काढायला घेतली, तर ती निघेना. हाड आणि धातू एकजीव झाले होते. दुसरा एखादा मनुष्य चिडला असता. ब्रोनेमार्क विचार करीत बसले आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे रोवून त्यांवर दात बसवले. आज आमच्या ओळखीतले निम्मे निवृत्त लोक त्या शोधावर चणे खातात. दाताच्या मुळाने हाड सोडू नये, कृत्रिम खुब्याचा दांडा मांडीच्या हाडात रुतून राहावा, ह्यासाठी टायटॅनियमचे अंग मुद्दाम आणखी खरबरीत करतात; वाळूचा मारा करतात, आम्लाने खरवडतात. भाच्याची पट्टी मात्र वर्षभराची पाहुणी होती. पाहुण्याला घरात खुंट्या ठोकून कायमचे कोण बसवील?

म्हणून पुढचा प्रश्न असा की, टायटॅनियमचे सगळे गुण ठेवून त्याचे चिकटणे तेवढे कमी करता येईल काय? स्वित्झर्लंडमध्ये दावोस येथे त्याच बीलच्या मंडळातून निघालेली संशोधनसंस्था आहे. तेथे जेफ रिचर्ड्स आणि त्यांचे सहकारी ह्याच प्रश्नाच्या मागे वर्षानुवर्षे लागले. नेहमीच्या टायटॅनियम पट्टीचा पृष्ठभाग डोळ्यांना जरी नितळ दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो नांगरलेल्या वावरासारखा असतो. त्याचे उंचवटे-खळगे सरासरी एका मायक्रोनच्या आसपास. ह्याची कल्पना यावी म्हणून सांगतो: कापसाचा एक तंतू सुमारे पंधरा मायक्रोन रुंद असतो. म्हणजे तंतूच्या रुंदीचा पंधरावा भाग! एवढासा खळगा पेशींना पाय रोवायला पुरतो. दावोसच्या लोकांनी टायटॅनियम आणि त्याचे मिश्रधातू लेप लावून घासले, चकाकवले आणि हा खरबरीतपणा चार-पाच पटींनी खाली आणला, जवळजवळ आमच्या पोलादी पट्टीइतका. धातू तोच, वरचा ऑक्साइड तोच. बदलले ते फक्त अंग. मग अशा पट्ट्या आणि स्क्रू सशांमध्ये व मेंढ्यांमध्ये बसवून पाहिले. चकाकवलेल्या पट्टीला मऊ ऊती कमी चिकटल्या. मेंढ्यांवरील काम २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात चकाकवलेले स्क्रू उलटे फिरवून काढायला कमी जोर लागला आणि पट्ट्याही सहज सुटल्या. त्यांनी हाड धरून ठेवण्याच्या कामात मात्र कुचराई केली नाही.

हे वाचून प्रथम आमचा संताप झाला. एवढी साधी गोष्ट, घासून गुळगुळीत करण्याची, मग सगळ्याच पट्ट्या तशा का करत नाहीत? पण आमच्या नडगीतल्या पिवळ्या पाण्याने आम्हांला थांबवले. पोलादाच्या गुळगुळीत अंगाला पेशी नीट धरत नाहीत, ऊती आणि धातू ह्यांमध्ये थोडे सरकणे-घासणे चालू राहते, त्यातून पिशवी तयार होते आणि पिशवीत पाणी साचते. ह्या पाण्यात रक्तवाहिन्या नसतात. तेथे जंतू शिरले तर त्यांना मोकळे रान. शरीराचे शिपाई तेथवर पोचायला अडचण. टायटॅनियमला ऊती थेट बिलगतात, मध्ये पोकळी राहत नाही, म्हणून जंतूंना थाराही कमी मिळतो, असे त्याच संशोधकांचे सांगणे आहे. १९८१ साली आमच्या शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांच्या पट्टीभोवती पू झाला होता आणि ती मुदतीआधीच काढावी लागली होती. त्यांच्या घरची मंडळी आमच्या पायाकडे असूयेने बघत, ते आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा चिकटणे म्हणजे वाईट आणि सुटणे म्हणजे चांगले, असा हिशेब येथे चालत नाही. मांडीच्या जाड मांसाखाली एक न्याय आणि हाताच्या पाठीवर, जेथे दोरी पट्टीवरूनच धावते, तेथे दुसरा. मनगटाच्या आणि बोटांच्या पट्ट्या आता पातळ करतात, कडा गोलावतात आणि स्क्रूचे डोके आत बुडेल असे घडवतात, तेही ह्यासाठीच. आणि कितीही घासलेली पट्टी घातली तरी बोट हलवलेच नाही तर दोरी हाडालाच चिकटते. हे शेवटचे वाक्य बाईंचे आहे. त्यांनी ते आमच्याकडे न पाहता उच्चारले, हा त्यांचा मोठेपणा.

जाता जाता एक गोष्ट. टायटॅनियम म्हटले की आपल्याला परदेश आठवतो. पण त्याचे खनिज असलेली काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडते. केरळात चवरा येथे तसल्याच वाळूच्या मुलुखात २०११ साली टायटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला. रत्नागिरी जिल्ह्यातच देवरुखजवळ साडवली येथे हाडांच्या पट्ट्या-स्क्रू घडवणारा कारखाना उभा राहिला आणि ‘सुश्रुत’ ह्या नावाचा तो व्यवसाय २०१३ साली स्मिथ अँड नेफ्यू ह्या ब्रिटिश कंपनीने विकत घेतला. कोकणातला तो माल विदर्भातल्या किती नडग्यांवर बसला असेल! असो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पट्ट्या काढून दोऱ्या सोडवण्याचे ठरले. हाड पुरते जुळल्याशिवाय हे करता येत नाही, म्हणून तोवर थांबणे भाग होते. बाईंनी भाच्याला पूर्ण भूल दिली नाही. फक्त हात बधिर केला, कारण दोरी सुटली की नाही हे रोग्याने बोट हलवल्याशिवाय कळत नाही. आम्ही आणि बहीण बाहेर बाकावर बसलो होतो. तिने जपमाळ काढली होती. आत काय झाले ते भाच्याने नंतर सांगितले. पडद्यापलीकडून बाई म्हणत, ‘वाकव.’ तो वाकवी. ‘आणखी.’ जमत नसे. मग पुन्हा खरवडल्याचा आवाज. पट्टीवर पांढुरकी साय धरली होती; दुधावरची साय बोटाने निघते, ही पात्यानेच निघत होती. एक स्क्रू पट्टीत असा गच्च बसला होता की त्याच्या डोक्याची खाच झिजून गेली आणि तो छेद देऊन काढावा लागला. टायटॅनियमवर टायटॅनियम आवळले की ते असे कधी कधी परस्परांत रुतते, हे बाईंनी पुढे सांगितले. पाऊण तासाने त्या पुन्हा म्हणाल्या, ‘वाकव,’ आणि त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच उघड्या हातात, दोरी सरकली. ‘मामाजी, पांढरी दोरी सरसर गेली पुढे,’ तो सांगत होता, ‘पेटीचा भाता उघडावा तशी.’

त्या संध्याकाळीच बोटे हलवायला सुरुवात झाली. दुखत होते. तो आमच्याकडे पाही. आम्ही घड्याळ हातात धरून बसलो आणि दर तासाला ‘हलव’ एवढेच म्हणालो. पहिली रात्र आम्ही जागून काढली. बहिणीला झोपायला लावले. सकाळी पट्टी बांधणारी परिचारिका आत आली तेव्हा आम्हांला पाहून म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही तर आमच्याहून कडक.’

घरी गेल्यावर तो रोज रात्री फुटपट्टीने बोटांचे टोक आणि तळहात ह्यांतले अंतर मोजून आम्हांला फोनवर कळवू लागला. एका जुन्या वहीत आम्ही ते आकडे लिहून ठेवले आहेत. तीन सेंटीमीटर. दोन दिवस तीनच. अडीच. मग सूज वाढून पुन्हा तीन. त्या रात्री आम्हांला जेवण गेले नाही. डिसेंबरात दीड. नाताळच्या मिस्साला त्याने हार्मोनियम वाजवली नाही. भाता मात्र त्यानेच मारला, डाव्या हाताने, आणि पेटीवर दुसरा मुलगा बसला. जिनिंगवाल्यांनी त्याला पुढच्या हंगामात पुन्हा यंत्रावर घेतले.

सोनेरी पट्टी त्याने आम्हांला दिली ती त्या नाताळातच. भिंगाखाली धरली तर तिच्या मंद अंगावर बाईंच्या पात्याचे ओरखडे दिसतात. पोलादी पट्टीवर एकही ओरखडा नाही. वहीतली शेवटची नोंद पुढच्या ईस्टरच्या आदल्या रात्रीची आहे. त्या रात्री फोन आला तेव्हा पलीकडून आधी पेटीचे दोन सूर ऐकू आले, मग तो म्हणाला, ‘अर्धा सेंटीमीटर, मामाजी. बाई म्हंते आता याच्या पुढं नाही जाणार.’ आम्ही आकडा लिहून घेतला आणि त्याला तेच दोन सूर पुन्हा वाजवायला सांगितले.